थंडी पडली की ऑफिसच्या इमारतीत उंदीर, औषध टाकूनही जात नाहीत

देखभालवाला:
चार मजली व्यापारी इमारत सांभाळतो. तळमजल्यावर कॅन्टीन आणि गोदाम, वर ऑफिसं. उन्हाळ्यात त्रास नसतो, पण थंडी सुरू झाली की दुसऱ्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये खुडबुड चालू. परवा सर्व्हर रूममधली केबल कुरतडलेली सापडली. कंत्राटदार दर महिन्याला विषाच्या वड्या ठेवतो, सही घेतो आणि जातो. आता छतातून घाण वास येतोय. भाडेकरू म्हणतात, अजून औषध टाका.

निळी_छत्री:
अल्ट्रासॉनिक यंत्र लावून बघा, प्लगमध्ये खोचायचं की झालं.

जुना_फिटर:
त्या यंत्राचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही, आणि उंदीर लवकरच त्याला सरावतात. पैसे शटरच्या खालच्या रबरी पट्टीवर घाला.

देखभालवाले दादा, वास त्या औषधाचाच प्रताप आहे. या वड्यांनी रक्त गोठणं थांबतं, उंदीर मरायला चार दिवस ते आठवडाही लागतो, आणि मरतो तो छतात. पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. औषध ठेवायचंच तर इमारतीबाहेर, कुलूपबंद पेटीत.

आधी वाट शोधा. भर दुपारी गोदामाचं शटर पाडा, दिवे घालवा आणि आत उभे राहा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून उंदीर येतो. लहान जातीच्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल शिरली तर तोही शिरला. शटरचे खालचे दोन कोपरे नीट बघा, रबर तिथेच कुरतडलेलं असतं. मग भिंतीच्या कडेने टॉर्च मारा. उंदीर अंग घासत चालतो, त्यामुळे नेहमीच्या वाटेवर काळपट तेलकट पट्टा उमटतो. ताज्या लेंड्या काळ्या, चकचकीत आणि मऊ. जुन्या राखाडी, दाबल्या की भुगा.

दुसऱ्या मजल्यावर ते जिन्याने गेले नसणार. पाइपचा शाफ्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांतून पाइप वर नेणारी उभी पोकळी, उघडा. प्लंबर चार बोटांच्या पाइपसाठी वीतभर भगदाड पाडतो आणि वरून झाकण लावून मोकळा होतो. नुसता फोम मारू नका, तो एका रात्रीत कुरतडतात. आधी स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) ठासा, मग सिमेंट किंवा सीलंट. ओलीच्या जागी स्टील वूल गंजतं, तिथे स्टेनलेसची जाळी. शाफ्टमध्ये मजल्यामजल्यातली भोकं बुजवताना आग रोखणारंच मटेरियल वापरा.

आत फक्त सापळे. भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. लहान जातीचा उंदीर बिळापासून फार लांब फिरत नाही, म्हणून दोन-तीन मीटरवर एक असे भरपूर लावा. आमिषाला शेंगदाण्याचं बटर. थंडीत कापसाचा बोळाही चालतो, त्याला घरटं करायचं असतं. मोठ्या जातीचा उंदीर मात्र संशयी. त्याच्यासाठी सापळा काही दिवस न ताणता, खाणं ठेवून तसाच राहू द्या.

लेंड्या झाडूने झाडू नका, धूळ नाकात जाते आणि रोग होतात. हातमोजे घाला, ब्लीचचं पाणी फवारा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा.

कॅन्टीनचा_हिशोब:
झुरळंही याच दिवसांत फ्रिजच्या मोटरमागे गोळा होतात, ऊब असते ना. आणि न वापरलेल्या नहाणीच्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. जाळीखाली साठलेला पाण्याचा अडसर सुकला की झुरळं तिथूनच वर येतात.

देखभालवाला:
शटर पाडून बघितलं. डाव्या कोपऱ्यातून बोट आरपार गेलं! शाफ्टमध्ये एसीच्या पाइपभोवतीही मोठं भोक आहे. कंत्राटदाराला काय सांगू?

जुना_फिटर:
करारात लिहून घ्या: प्रत्येक भेटीत कुठे लेंड्या, कुठे फट, कोणत्या सापळ्यात काय, हे इमारतीच्या नकाशावर मांडून द्यायचं. ते नसेल तर सही द्यायची नाही. भोकं तुमच्याच माणसाकडून बुजवा, आधी बाहेरची, मग शाफ्टची. मेलेला उंदीर बाहेर काढायला छताची पॅनेल उघडावीच लागतील, वास जिथे जास्त तिथून सुरू करा.