शब्दचर्चा : 'डिस्क्लोजर' म्हणजे गौप्यस्फोट की प्रकटीकरण?

महालातली :
उडत्या तबकड्यांवरचा एक लेख मराठीत करून राहिले आहे. गाडी 'डिस्क्लोजर'वर अडली. २६ जुलै २०२३ ला अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की सरकारकडे कोसळलेली यानं आहेत, सोबत 'नॉन-ह्यूमन बायोलॉजिक्स', म्हणजे मानवेतर जैविक अवशेषही मिळाले. मी 'गौप्यस्फोट' लिहिलं. संपादकांनी खोडून 'प्रकटीकरण' केलं. ते वाचताना मला कसंतरीच होतं, पण का ते सांगता येत नाही. शुक्रवारी द्यायचं आहे.

संत्रावाला :
गौप्यस्फोट ग्रशने केला, ते बरोबर. पण डिस्क्लोजरवाल्यांची मागणी वेगळी आहे. सरकारनं आपणहून सांगावं, म्हणतात. स्वतःचाच गौप्यस्फोट कोण करतो? 'कबुली' लिहा.

धरमपेठकर :
कबुली गुन्ह्याची असते. अमेरिकी सरकारच्याच 'आरो' नावाच्या, अशा वस्तूंचा तपास करणाऱ्या कार्यालयानं मार्च २०२४ च्या अहवालात म्हटलं की परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा सापडला नाही. मग कबूल काय करायचं? (आरो म्हटलं की आमच्या सौ.ना पाण्याचं मशीन आठवतं, ते सोडा.)
ताई, तुम्हाला कसंतरी का होतं ते सांगतो. मी बँकेत होतो. आमच्यासाठी प्रकटीकरण म्हणजे ताळेबंदाखालच्या बारीक टिपा. मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नावही प्रकटीकरण, त्यात जगाचा अंत. आणि आपल्या विदर्भात प्रगट होतात ते महाराज. २३ फेब्रुवारी १८७८, शेगाव, उष्ट्या पत्रावळी. 'अमेरिकेत प्रकटीकरण होणार' वाचलं की माणूस हात जोडूनच बसतो.

महालातली :
काका, अगदी हेच! सरकार काही सांगणार असं वाटतच नाही, परग्रहवालेच येऊन उभे राहणार असं वाटतं.

शुद्धलेखक_पुणे :
मूळ प्रश्नाआधी दोन गोष्टी. 'करून राहिले आहे' हे मराठी नव्हे. 'करत आहे' लिहावे. दुसरे, 'तबकडी' फारसी आहे. महापौर आणि दिनांक रुळू शकतात तर 'अज्ञात उड्डाणवस्तू' का नाही?

संत्रावाला :
तबक हा संस्कृत 'स्तबक' आहे. स गळला.

धरमपेठकर :
स्तबक म्हणजे फुलांचा गुच्छ. लग्नात पानसुपारी फिरते ते तबक अरबी, फारसीतून आलं. त्याला आपण आपली 'डी' लावली आणि ग्रामोफोनची रेकॉर्ड तबकडी झाली. माझी आत्या 'ती सैगलची तबकडी लाव' म्हणायची. त्या घरात उडती तबकडी म्हटलं की आधी रेकॉर्ड फुटल्याचीच भीती.
गंमत म्हणजे २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकानं अमेरिकेतल्या माउंट रेनिअरजवळ नऊ वस्तू पाहिल्या तेव्हा 'सॉसर' म्हणाला तो त्यांच्या चालीबद्दल. पाण्यावर बशी फेकली तर टप्पे घेत जाईल, तशा चालल्या होत्या. अंबाझरी तलावावर आपण चपटे दगड फेकायचो, तसं. पेपरवाल्यांनी चालीचा आकार केला. म्हणजे मूळ इंग्रजी शब्दच चुकीचा आहे, आणि आपण इथे अरबी की संस्कृत करून राहिलो.

शुद्धलेखक_पुणे :
पुन्हा 'करून राहिलो'. 'राहणे'ला अर्थ आहे. 'पडून राहिला' म्हणजे पडलेल्या अवस्थेत राहिला.

तर्री_जास्त :
आता माझं ऐका. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. श्रीखंड खाऊन गच्चीवर गेलो तर आभाळात जळते गोळे रांगेनं चाललेले. शेजारचे आजोबा हात जोडून, पोट्टे मोबाईल वर करून. माझ्या बायकोनं पुण्याच्या भावाला फोन लावला आणि ओरडली, "दादा, आभायातून काहीतरी जयत पडून राह्यलं!" दादा शांतपणे म्हणाले, "पडलंय ना? मग हात लावू नका, पोलिसांना कळवा."
इकडे ते डोक्यावरून जाऊन राहिलं, तिकडे याचा पंचनामा झाला.

संत्रावाला :
😂 पण दादा चुकले नाहीत. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं खरंच येऊन पडलं होतं. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं जाणकार म्हणाले.

शुद्धलेखक_पुणे :
म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. एकाच रूपाचे दोन अर्थ झाले तर गोंधळ होतो.

तर्री_जास्त :
गोंधळ पुण्यात झाला. गच्चीवर कोणाचा नाही झाला.

महालातली :
माझ्या लेखात हे आलंच आहे! १९७३ मध्ये जॉन बॉल या खगोलशास्त्रज्ञानं मांडलेली प्राणिसंग्रहालयाची कल्पना : परग्रहवाले आले असतील तरी हस्तक्षेप न करता दुरून बघतात. मी लिहिलं, 'ते आपल्याकडे पाहून राहिले'. संपादकांनी 'पाहत राहिले' केलं. झाला ना भूतकाळ! जणू बघून झालं, कंटाळले, निघून गेले.

संत्रावाला :
महाराजबागेतल्या वाघाकडे आपण पाहतो तसं. वाघाला कोणी डिस्क्लोजर दिलं का?

धरमपेठकर :
'अज्ञात'वरही माझा आक्षेप आहे. अज्ञात म्हणजे जे माहीतच नाही ते. 'अनआयडेंटिफाइड'ला पोलिसांचा शब्द चपखल आहे : ओळख पटली नाही. त्यात कोणीतरी प्रयत्न केलाय हे येतं. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकनं १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या, ७०१ ची ओळख पटली नाही. बाकीचे फुगे, तारे, विमानं वगैरे.

शुद्धलेखक_पुणे :
ओळख प्रेताची पटते.

तर्री_जास्त :
दादा म्हणालेच होते, पोलिसांना कळवा.

महालातली :
शुक्रवारी दिलं एकदाचं. शीर्षकात 'डिस्क्लोजर'च ठेवलं, आत सगळीकडे 'सरकारने उघड करावे'. संपादकांनी त्याचं 'उघडकीस आणावे' केलं.

संत्रावाला :
उघडकीस चोरी येते.

धरमपेठकर :
किंवा लफडं. पण ते स्तबकाचं राहिलंच, संत्रावाले. स का गळेल? उद्या निवांत लिहितो.