शब्दचर्चा : ट्रेलर ‘समतल करणे’ आणि ‘स्थिर करणे’

प्रश्न

गाडीमागे जोडून ओढून नेण्याच्या निवासी ट्रेलरची वापरपुस्तिका मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. ट्रेलर मुक्कामाच्या जागी उभा केल्यावर करावयाच्या कामांच्या प्रकरणात ‘लेव्हलिंग’ आणि ‘स्टॅबिलायझिंग’ हे दोन शब्द वारंवार येतात. पहिल्या मसुद्यात दोन्हींसाठी ‘जॅक लावणे’ असे लिहिले आहे, कारण दोन्ही कामांत ट्रेलरखालचे पाय जमिनीकडे सोडले जातात. ‘ऑटोमॅटिक जॅक’ला ‘स्वयंचलित जॅक’ असा शब्द योजला आहे. हे शब्द योग्य आहेत का, आणि नसल्यास कोणते घ्यावेत?

प्रतिसाद १

दोन्ही क्रियांना एकच शब्द देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागे भाषेच्या नेमकेपणाइतकाच वाचणाऱ्याच्या ट्रेलरचाही विचार आहे. ‘जॅक लावणे’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चाक बदलण्यासाठी गाडी उचलणे येते. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना बसवलेले, कात्रीसारखे उघडणारे साधे पाय मात्र उचलण्यासाठी केलेलेच नसतात. चाकांवर आणि पुढच्या जॅकवर आधीच तोललेला ट्रेलर आत चालताना डुगडुगू नये, एवढेच त्यांचे काम असते. ‘मागचा डावा जॅक लावून ट्रेलर सरळ करा’ असे वाक्य वाचून कोणी त्या पायाने ट्रेलरचा कोपरा उचलू लागला, तर पाय वाकतो, सांगाड्याला पीळ बसतो, आणि दार चौकटीत अडकू लागले की त्याची जाणीव होते. दिसायला हे पाय चाक बदलण्याच्या कात्री-जॅकसारखेच असल्यामुळे गैरसमज होणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून तो शब्दांनीच टाळला पाहिजे.

समतल करणे म्हणजे ट्रेलरची जमीन क्षितिजाशी समांतर आणणे. हे काम दोन दिशांनी करावे लागते आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. साध्या, हाताने चालवायच्या पद्धतीत आधी डावी-उजवी बाजू पाहतात. जी बाजू खाली असेल तिकडची चाके फळ्यांवर किंवा उतरत्या ठोकळ्यांवर चढवावी लागतात, आणि हे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेला असतानाच करता येते. त्यानंतर चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून ट्रेलर गाडीपासून सोडवायचा, आणि मग दांड्याजवळच्या पुढच्या जॅकने पुढची बाजू वर-खाली करून लांबीच्या दिशेने समतल साधायचा. कोपऱ्यांचे पाय या सगळ्यानंतर जमिनीला टेकवायचे असतात. त्यासाठी मी मुद्दाम ‘टेकवणे’ हे क्रियापद सुचवतो, कारण त्यात उचलण्याचा अर्थ शिरूच शकत नाही. नाम हवे असल्यास उचलणाऱ्याला ‘जॅक’ आणि टेकणाऱ्याला ‘टेकू’ म्हणावे.

‘समतल’ या शब्दाबद्दल मात्र एक सावधगिरी बाळगावी लागेल. बोलण्यात आपण ‘सपाट’ आणि ‘समतल’ पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु फरसबंदी केलेला उतार पूर्णपणे सपाट असूनही समतल नसतो, आणि उभे करण्याच्या कितीतरी जागा पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम तशा बांधलेल्या असतात. ‘ट्रेलर सपाट जागी उभा करावा’ एवढेच लिहिले, तर वाचक अशी फरसबंदी पाहून निश्चिंत होईल. म्हणून प्रकरणाच्या आरंभी ‘समतल म्हणजे पाणसळीच्या बुडबुड्याने दाखवलेला, क्षितिजाशी समांतर’ अशी व्याख्या एकदा स्पष्टपणे द्यावी आणि पुढे तोच शब्द त्याच अर्थाने चालवावा.

प्रतिसाद २

समतल करण्याचा एवढा आग्रह कशासाठी, असे वाचकाला वाटू शकते, म्हणून त्याचे कारणही त्याच प्रकरणात यावे, असे मला वाटते. झोपताना डोके खाली जाणे, दार आपोआप उघडणे किंवा स्नानघरातले पाणी एका कोपऱ्यात साचणे या गैरसोयी सहज लक्षात येतात, पण खरा धोका शोषण पद्धतीच्या शीतकपाटाला असतो. बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या उष्णतेने अमोनियाचे द्रावण तापवले जाते, आणि द्रवरूप अमोनिया व उरलेले द्रावण नळ्यांमधून गुरुत्वाकर्षणानेच परत खाली येते. ट्रेलर फार कलला तर द्रावण वाटेतच साचते, तापणारा भाग कोरडा पडून अतितप्त होतो, आणि गंज रोखण्यासाठी द्रावणात घातलेले रसायन घट्ट होऊन नळ्या कायमच्या बुजू शकतात. अशा शीतकपाटांसाठी साधारणपणे एका दिशेने सुमारे 3 अंश आणि दुसऱ्या दिशेने सुमारे 6 अंश एवढाच कल चालतो, असे सांगितले जाते. कॉम्प्रेसरवर चालणारे शीतकपाट याबाबतीत पुष्कळ सोशिक असते.

अंशांची कल्पना येण्यासाठी मापही द्यावे : डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर 2 मीटर असेल, तर 1 अंश कल म्हणजे जवळजवळ 3.5 सेंटिमीटरचा फरक होतो, आणि 3 अंश म्हणजे साडेदहा सेंटिमीटरचा. ‘थोडेसे वाकडे’ या शब्दप्रयोगाने हे कळत नाही.

प्रतिसाद ३

‘टेकू’ हा शब्द मला पटत नाही. पडू पाहणाऱ्या भिंतीला टेकू देतात तेव्हा तो भार सोसतच असतो, मग ‘हा भार उचलण्यासाठी नाही’ हा अर्थ त्या शब्दातून कसा निघेल? ‘आधारपाय’ किंवा ‘स्थिरक’ असा नवा शब्द घेणे बरे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे, टेकू भार सोसतो हे खरेच. तरीही भिंतीचा टेकू भिंतीला होती त्याहून वर नेत नाही, आहे तिथे धरून ठेवतो, आणि आपल्याला नेमका हाच भेद दाखवायचा आहे. कोपऱ्यातला पायही थोडा भार घेतोच, कारण घट्ट टेकल्याशिवाय तो डोलणे थांबवणार नाही. वर्ज्य आहे ते उचलणे. ‘स्थिरक’ हा शब्द शास्त्रीय वाटतो, परंतु विजेच्या आणि रसायनांच्या क्षेत्रांत तो आधीच वेगळ्या अर्थांनी रुळलेला आहे. ‘आधारपाय’ला माझी हरकत नाही. पुस्तिकेत ‘आधारपाय टेकवणे’ असे लिहिले तर दोघांचेही म्हणणे राखले जाईल.

प्रतिसाद ४

‘स्वयंचलित’ या शब्दाकडे अजून कोणी पाहिलेले नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. बटण दाबून धरले की मोटरने खाली येणारे आणि बटण सोडले की थांबणारे आधारपाय बाजारात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून ओळखले जात असले, तरी त्यांत स्वयंचलित असे काही नसते. कधी थांबायचे हे बोट ठरवते. त्यांना ‘विजेवर चालणारे’ किंवा ‘मोटरचे’ आधारपाय म्हणावे. स्वयंचलित हा शब्द, कल स्वतः मोजून कोणता पाय किती सोडायचा हे स्वतः ठरवणाऱ्या यंत्रणेपुरता राखून ठेवावा. अशा यंत्रणेत सांगाड्यावर बसवलेला संवेदक गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून कल ओळखतो, आणि नियंत्रक सामान्यतः आधी लांबीच्या व नंतर रुंदीच्या दिशेने जॅक हलवतो. शेवटी सर्व पाय जमिनीला टेकवून त्यांच्यावर भार घेतला जातो. हे जॅक उचलण्यासाठीच बनवलेले असतात, म्हणजे इथे एकच पाय आधी उचलतो आणि मग धरूनही ठेवतो. त्यामुळे त्यांना ‘जॅक’ म्हणणेच योग्य ठरेल, आणि वर झालेल्या चर्चेतील भेदाला त्यामुळे बाध येत नाही.

या यंत्रणेच्या अनुवादात आणखी दोन जागा नाजूक आहेत. पहिली ‘शून्यबिंदू’ची. संवेदकाला समतल म्हणजे काय हे जन्मतः ठाऊक नसते. ट्रेलर एकदा पाणसळीने नीट समतल करून ती स्थिती नियंत्रकात साठवावी लागते, आणि पुढे तो त्याच स्थितीकडे परत येतो. ‘शून्य करा’ असे भाषांतर केल्यास वाचक नोंद पुसून टाकण्याचा अर्थ घेईल, म्हणून ‘समतल स्थिती शून्यबिंदू म्हणून नोंदवा’ असे पूर्ण वाक्य लिहावे. दुसरी जागा ‘पाय जमिनीला टेकला’ या सूचनेची. विजेच्या जॅकमध्ये मोटर ओढत असलेला विद्युत्प्रवाह वाढला, किंवा द्रवदाबाच्या जॅकमध्ये दाब वाढला, यावरून नियंत्रक तसे अनुमान करतो, जमीन त्याला दिसत नसते. मऊ मातीत पाय आधी टेकतो आणि नंतर हळूहळू खचतो, म्हणून पायाखाली रुंद फळी ठेवण्याची सूचना त्याच वाक्यात असावी.

चार पाय एकाच वेळी जमिनीवर असताना आणखी एक गोष्ट घडते, आणि पुस्तिका तिला अगदी ओझरता स्पर्श करतात. तीन बिंदूंनी प्रतल ठरते. चौथा पाय त्याहून थोडा जास्त लांब झाला, तर तो एकतर दुसऱ्या पायाला अधांतरी ठेवतो किंवा सांगाड्यालाच पीळ देतो. बाजूला सरकून बाहेर येणारी खोली असलेल्या ट्रेलरमध्ये हा पीळ फार नडतो, कारण ती खोली आपल्या खाचेत सरळ सरकत नाही. ‘खोली बाहेर काढण्यापूर्वी ट्रेलर समतल करावा’ या वाक्यातील ‘पूर्वी’ हा शब्द म्हणूनच ठळक छापावा.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

ही स्पष्टीकरणे अत्यंत उपयोगी आहेत. ‘समतल करणे’, ‘आधारपाय टेकवणे’ आणि ‘स्वयंचलित समतल यंत्रणा’ असे शब्द आता घेतो. चाकांच्या ठोकळ्यांना मात्र ‘अडथळा’ म्हणावे की ‘अटकाव’?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांचे उत्तर

‘ठोकळा’च ठेवावा, त्याच्या कामासाठी ‘चाक अडवणे’ हे क्रियापद पुरेसे आहे. त्याच्या जागेविषयी मात्र पुस्तिकेत सविस्तर लिहावे. उत्तर अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरना सहसा हँडब्रेक नसतो, त्यामुळे गाडीपासून सोडवलेला ट्रेलर घरंगळण्यापासून रोखणारे ठोकळेच असतात. ते चाक जमिनीवर असेपर्यंतच उपयोगाचे, आणि शक्तिमान स्वयंचलित जॅक एका बाजूची चाके सहज अधांतरी उचलू शकतात. तेवढी उंची लागत असेल तर जागा बदलावी किंवा आधी त्या बाजूची चाके फळ्यांवर चढवावीत. निघतानाच्या प्रकरणात क्रम उलटा येतो : बाहेर काढलेली खोली आत, मग पुढचा जॅक वगळता बाकीचे पाय वर, मग ट्रेलर गाडीला जोडणे, आणि ठोकळे काढणे सर्वांत शेवटी. तिथे ‘जॅक काढा’ असे लिहू नये, कारण जॅक सांगाड्यालाच जोडलेले असतात. ‘जॅक पूर्ण वर घ्या’ असे लिहावे.