सिरॉसिसमध्ये वरण बंद करायचं का?

सांगलीकर:
बाबा ६७ वर्षांचे, वजन ५८ किलो, लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं ते). (दारूचा थेंब नाही. वीस वर्षांची शुगर आणि फॅटी लिव्हर. पहिला प्रश्न तोच येतो म्हणून आधीच लिहिलं.) दिवाळीनंतर एका रात्री दोन वाजता अंगणातला नळ सोडून बसले, "पाणी आलंय, भरून घ्या." ॲडमिट केलं, अमोनिया वाढलेला. डिस्चार्जच्या वेळी कोणीतरी आईला सांगितलं, प्रोटीन बंद. झालं! दोन महिने वरणसुद्धा नाही. भात, पेज, मोसंबी. आता खांद्याची हाडं दिसतात. काका म्हणतात, प्रोटीनमधलं ॲमिनो ॲसिड जास्त झालं की लिव्हर सडतं. खरंय का?

डंबेल_९६:
मी रोज दोन स्कूप प्रोटीन पावडर घेतो, रिपोर्ट नॉर्मल. काही होत नाही.

वॉर्डातली_ताई:
डंबेल, तुझं लिव्हर धडधाकट आहे. इथे तुझा हिशोब चालत नाही.

दादा, ॲमिनो ॲसिडचं शरीरात कोठार नसतं. उरलेलं लिव्हर फोडतं, त्यातून अमोनिया निघतो, त्याचा युरिया करून लघवीवाटे काढतं. सिरॉसिसमध्ये हे काम मंदावतं, शिवाय आतड्याकडून आलेलं काही रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे जातं. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. म्हणजे डाळीनं लिव्हर सडलेलं नाही, दुखऱ्या लिव्हरला अमोनिया आवरत नाहीये.

पण खायला घातलं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू फोडतं, आणि लिव्हर थकल्यावर अमोनियाचा थोडा भार तेच स्नायू उचलत असतात. पूर्वी आम्हीही वॉर्डात प्रोटीन तोडायचो. आता किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम देतात, म्हणजे बाबांना दिवसाला ७० ते ८७. वरण, मूग, ताक, पनीर हे मटणापेक्षा सोसतं. झोपताना काहीतरी खायला द्याच. या पेशंटला एका रात्रीचा उपास दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा लागतो. उद्या डॉक्टरांना फोन करून हे विचारा.

शौचाला किती वेळा होतं?

सांगलीकर:
दोन दिवसांतून एकदा. पोट साफ व्हायला दिलेलं लॅक्ट्युलोजचं औषध फार गोड लागतं, मळमळतं म्हणून घेत नाहीत. बाटली फ्रिजवर, निम्मी तशीच.

वॉर्डातली_ताई:
अहो, मग चोर फ्रिजवर आहे! तुंबलेल्या आतड्यात जंतू अमोनिया करत बसतात. दिवसाला दोन-तीनदा मऊ व्हायला हवं. ताकात घालून द्या. झोपेची गोळी परस्पर देऊ नका. शौच काळी डांबरासारखी झाली, किंवा हात पुढे ताणून तळवे वर उचलल्यावर पंखासारखे फडफडले, तर थेट दवाखाना.

सांगलीकर:
आत्ता हात ताणायला लावले. स्थिर आहेत. "कवायत कसली घेतोस?" म्हणाले. डॉक्टरांचाही फोन लागला, वरण कुणी बंद केलं म्हणून त्यांनी मलाच झापलं. रात्री मुगाचं धिरडं चालेल ना? पोटात पाणी आहे, मीठ किती?

वॉर्डातली_ताई:
चालेल. चिमूटभर. लोणचं-पापड ताटात नको.