प्रतिसाद: कूलर लावला की तबला का उतरतो?

तबल्यात दोष नाही, हवेत आहे. पुडी म्हणजे शेवटी चामडं. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ते आकसतं, ताण वाढतो, स्वर चढतो. कूलरची ओली हवा लागली की सैल पडतं, स्वर उतरतो. म्हणून बैठकीच्या खोलीत अर्धा तास आधी तबला उघडा ठेवा, पण कूलरच्या झोतात नको. मगच स्वरात लावा.

फरक मोठा असेल तर आधी गठ्ठे, म्हणजे वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, खाली सरकवा. थोडाच असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडी: वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. गजऱ्यावरच्या सोळा घरांपैकी (वाद्यांमधल्या भागांपैकी) एकावर ठोकलं की लगेच समोरच्या घरावर या. ओळीनं ठोकत गेलात तर पुडी एकीकडे ओढली जाते आणि चाट, म्हणजे पुडीची कड, प्रत्येक घरात वेगळी बोलते.

शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर, मात्र हातोडी चुकूनही नको. साध्या चामड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, एकमेकांशी जुळत नाहीत. मध्ये जाड आणि कडेला पातळ होत जाणाऱ्या शाईच्या वजनामुळे ते जुळतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये हेच दाखवलं होतं. शाईचे कण सुटू लागले की स्वर फाटतो. त्यावर ठोकाठोकीचा इलाज नाही, शाई नव्यानंच भरावी लागते.