रतनगड ते हरिश्चंद्रगड: पाण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि खाली खिरेश्वर अशी तीन दिवसांची चाल करणार आहोत. वाट माहितीची आहे. प्रश्न पाण्याचा आहे.

गेल्या मार्चमध्ये याच डोंगररांगेत एका टाक्याशी वाकलो, तर तळाला वीतभर पाणी, वर हिरवा तवंग आणि काठच्या ओल्या चिखलात वानरांची ताजी पावलं. बाटली हातात होती, पण भरवेना. ते पाणी त्यांचं होतं.

हवामान विभागाने २०२० मध्ये पावसाच्या परतीच्या सर्वसाधारण तारखा पुढे नेल्या. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो, तरी झरे मात्र लवकर आटतात, असं गावातली जुनी माणसं सांगतात. वणव्याने करपलेले उतार तर मी स्वतः पाहिलेत, फार वाईट वाटतं.

यातला बहुतेक पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. म्हणून विचारतो: कात्राबाईच्या खिंडीच्या आसपास फेब्रुवारीत जिवंत पाणी कुठे मिळतं? की रतनवाडीतूनच माणशी पाच लिटर उचलावं? कुमशेतला मुक्काम केला तर गावावर पाण्याचा भार पडेल का? तिथल्या बायाबापड्या उन्हाळ्यात हंडे घेऊन किती लांब जातात, ते पाहिलंय. कुमशेतचा वाटाड्या घ्यायचाच आहे, त्याचे चार पैसे गावातच राहतील. नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर कोणत्या टाक्यात किती पाणी होतं, तेवढं कृपया कळवा.