मदत हवी आहे : सौर पॅनेलने हायड्रोजन काढतोय, पण पेटत नाही

मुलुंडची_आई :
शनिवारी मुलीचं विज्ञान प्रदर्शन आहे, नववीचं. उन्हावर पाण्यातून हायड्रोजन काढायचाय. पॅनेल जोडलं, बुडबुडे दिसतात, पण परीक्षानळी जेमतेम भरते आणि काडी नेली तरी 'फट्' आवाज होत नाही. पाणीही तपकिरी झालंय. दोन दिवस गेले. कोणी लवकर सांगा ना.

खटपट्या :
पॅनेल किती व्होल्टचं? पाण्यात काय घातलंय? तारांना काय जोडलंय?

मुलुंडची_आई :
१२ व्होल्ट. नळाचं पाणी. मीठ घातलंय अर्थातच, नाहीतर वीज कशी जाणार? स्टीलचे दोन चमचे.

रसायनवाली :
मीठ नको हो! मिठाने प्लसच्या टोकाला क्लोरीन सुटतो. स्विमिंग टँकसारखा वास येतोय का? तपकिरी गाळ म्हणजे चमच्यातलं लोखंड. क्रोमियमही उतरतं, ते विषारी. त्या पाण्यात हात घालू नका. धुण्याचा सोडा घ्या, आणि चमच्यांऐवजी दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिली.

मुलुंडची_आई :
वास येतोय! मला वाटलं नळाच्याच पाण्याचा. खिडक्या उघडल्या.

नवंतंत्र :
पॅनेल हवंच कशाला? जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी तोडल्याचं प्रसिद्ध केलं. प्रदर्शनात तेच दाखवा.

खटपट्या :
त्यांच्या दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम होतं. शिवाय तो पदार्थ फक्त अतिनील किरण घेतो, आणि उन्हात ते चार-पाच टक्केच. शनिवारपर्यंत पोरीने हे कुठून जमवायचं?

नवंतंत्र :
पण प्रकाशाने थेट पाणी तुटणं, खरी गंमत त्यातच आहे. पॅनेल लावलं की ते साधं विद्युत अपघटन.

खटपट्या :
पण वीज उन्हाचीच ना? पाणी तोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, ते पॅनेल सहज देतं.

रोजचा_प्रवासी :
यावर माझी स्कूटर चालेल का? पेट्रोल परवडत नाही.

रसायनवाली :
नाही. एक किलो हायड्रोजनला प्रत्यक्षात ५० युनिटच्या आसपास वीज जाते. तेवढ्यात बॅटरीची स्कूटर कितीतरी लांब जाईल.

सोसायटीचा_सचिव :
गच्चीवर पॅनेल लावणार असाल तर आधी सभेत मंजुरी घ्या. आमच्याकडे वॉटरप्रूफिंगला भोकं पडली आणि पावसाळ्यात वरचे दोन मजले गळले.

मुलुंडची_आई :
गच्ची नाही हो, बाल्कनीच्या ग्रिलमध्ये ठेवलंय.

खटपट्या :
मग गजांची सावली पडत असणार! पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, एकावर सावली आली तरी सगळा प्रवाह पडतो. बाहेर काढा. आणि नळी कोणत्या तारेवरची पेटवताय?

मुलुंडची_आई :
लाल.

खटपट्या :
तिथेच चुकलं. लाल म्हणजे प्लस. हायड्रोजन मायनसवर, काळ्या तारेकडे. सोडा घातलात की तिकडे दुसऱ्या बाजूच्या साधारण दुप्पट वायू जमेल.

मुलुंडची_आई :
झालं!! सोडा घातला, पॅनेल खाली कंपाउंडमध्ये नेलं, काळी बाजू. नळी भरली आणि 'फट्' वाजलं, लेक दचकून मागे सरली. आता बाटलीभर जमवून दाखवायचं म्हणतेय.

रसायनवाली :
बाटली अजिबात नको! हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेतो, स्फोटही होऊ शकतो. एकच नळी, तोंड खाली, काडी लांब धरून. आणि बाईंना आधी सांगून ठेवा.