सुमो पैलवानांचं फोटोपुस्तक: मोजक्याच प्रती का?

शाईवाला
काल ‘प्रकाशमापक’ यांनी लिहिलं की सुमोवरचं फोटोपुस्तक क्रमांक घातलेल्या, सही केलेल्या मोजक्या प्रतींतच निघावं, स्वस्त आवृत्तीने कलेची किंमत जाते. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय.

अहो, सुमोची चित्रं स्वस्तातच वाढली! 1780च्या दशकात एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, चित्रकार कात्सुकावा शुन्शो आणि त्याचा शिष्य शुनेई पैलवानांची लाकडी ठशांची रंगीत चित्रं काढायचे आणि साधी माणसं ती विकत घ्यायची. महागडा प्रकार नंतरचा. 1860च्या दशकात योकोहामात फेलिचे बेआतो या युरोपियन फोटोग्राफरने पैलवानांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, फोटोंत हाताने रंग भरले आणि अल्बम गेले परदेशी गिऱ्हाइकांकडे. तुमची पेटीबंद आवृत्ती त्याच वळणाची. प्लास्टिकही काढायचं नाही, भाव पडतो म्हणे. मग ते पुस्तक कशाला म्हणायचं?

प्रकाशमापक
तुम्ही कधी फोटोपुस्तक छापून घेतलंय? मी घेतलंय. मुद्रकाने काळा रंग गढूळ केला आणि अख्खी आवृत्ती रद्दीत गेली. घामेजलेली कातडी, पाठीला चिकटलेली वाळू, मावाशीच्या, म्हणजे पैलवानाच्या लंगोटाच्या, कापडाची वीण हे सगळं साध्या छपाईत मरतं. दोन काळ्या शाया, जाड कागद, हाताची बांधणी याला पैसे लागतात. ते कोण देणार, तुम्ही? शुन्शोच्या मागे अख्खं एदो होतं.

ओसाकावासी
पैशांवरच आलात तर पैलवानाला काय मिळतं तेही बोला. सगळ्यात वरच्या श्रेणीत, माकुउचीत, 42; तिच्या खालच्या ज्युर्योत 28. पगार फक्त या 70 जणांना, यांनाच सेकितोरी म्हणतात. खालच्या शेकडो मुलांना राहणं-जेवण आणि थोडासा भत्ता. मार्चच्या स्पर्धेसाठी हेया, म्हणजे सुमोच्या तालमी, इथल्या देवळांत उतरतात, तेव्हा मी सकाळचा सराव बघायला जाते. पोरं उपाशीपोटी सराव करतात, मग स्वयंपाक करतात, सेकितोरींना वाढतात आणि स्वतः शेवटी जेवतात. फोटोग्राफरांना नेमकी हीच पोरं आवडतात. फोटोखाली मात्र ‘तरुण पैलवान’.

तालमीतला
यात वाईट काय? मी कोल्हापुरात तालमीत राहिलोय. पहाटे हौदा खणायचा, थोरल्यांचं अंग रगडायचं, थंडाई घोटायची. वस्तादांनी हाणलंही. त्यातूनच माणूस घडतो. बाहेरच्यांना प्रत्येक शिस्तीत छळ दिसतो.

ओसाकावासी
2007 साली तोकित्सुकाझे हेयात 17 वर्षांचा मुलगा मारहाणीत मेला. हेया सोडून जायला निघाला होता म्हणून बिअरची बाटली, बेसबॉलची बॅट. ओयाकाता, म्हणजे हेयाचा वस्ताद, तुरुंगात गेला. तुम्ही घडलात, आनंद आहे. तो मुलगा घडला नाही.

तालमीतला
त्या खुनाचं समर्थन मी केलंय असं दाखवू नका! एका राक्षसावरून सगळ्या गुरूंना मोजणार? माझ्या वस्तादांनी माझ्या आजारपणात स्वतःच्या खिशातून दूध-बदाम दिले.

ओसाकावासी
चांगले होते तुमचे वस्ताद. पण वाईट वाट्याला आला तर पोराने जायचं कुठे? सगळा भार वस्तादाच्या स्वभावावर का?

तालमीतला
…हा प्रश्न बरोबर आहे. पण चार फोटो बघून बोलणाऱ्यांनी तो विचारू नये.

शाईवाला
फोटोंनीच तर तो विचारायला हवा! प्रकाशमापक, छपाईचं तुमचं मान्य, नाइलाजाने. काळा रंग गढूळ झाला तर सुमोचा फोटो बघवत नाही. पण बान्झुके आठवा, स्पर्धेआधी छापली जाणारी पैलवानांची क्रमवारी. जोनोकुचीतल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, पोराचंही नाव त्यात असतं. भिंग लागेल इतकं बारीक, पण असतं. तुमच्या महागड्या कागदावर त्याला जागा नाही? प्रत्येक फोटोखाली नाव, हेया आणि दर्जा छापा. आणि साध्या कागदावर दुसरी आवृत्ती काढा, म्हणजे त्या पोराच्या आईलाही ती घेता येईल.

प्रकाशमापक
नावं छापायला माझी हरकत नाही, छापायलाच हवीत. आईला प्रत भेट द्यावी. साध्या आवृत्तीला माझा विरोध कायम.